मनोरुग्णांची सेवा : परिचर्या कीं समाजकार्य ?

(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय श्रोत्यांस थोडा आडवळणाचा वाटेल. परंतु दिसतो तितका तो दुर्मिळ नाहीं. मुलें हाताशीं आलेली एखादी बाई, किंवा पंधरा वर्षें कचेरींत खर्डेघाशी केलेला एखादा गृहस्थ, पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास मनाशीं ठरवितो कीं, उरलेलें आयुष्य मनोरुग्णांच्या सेवेंत घालवावें. हा निश्चय पुष्कळदां एकाएकीं झालेला नसतो. घरांतील भाऊ, मुलगी किंवा सासू या आजारानें वर्षानुवर्षें ग्रासलेली असते. इस्पितळाच्या बाकावर बसून काढलेल्या तासांची गणती करतां येत नाहीं. आणि त्या तासांतच केव्हां तरी असें वाटूं लागतें कीं, बाकाच्या या बाजूस बसून राहण्यापेक्षां त्या बाजूस उभें राहून कांहीं करतां आलें तर बरें.

निश्चय झाला कीं दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो पहिल्याहून अवघड असतो. शिकावयाचें काय ? परिचर्या, कीं समाजकार्य ? वरवर पाहतां दोन्हीं कामें सारखींच भासतात. दोघींनाहि रोग्याशीं बोलावें लागतें, दोघींनाहि त्याच्या आप्तांस धीर द्यावा लागतो, दोघींच्याहि हातीं केस-पेपर असतो. म्हणून कित्येक जण जेथें प्रवेश मिळेल तेथें नांव घालून मोकळे होतात. तरुण वयांत असें केलें तर फारसें बिघडत नाहीं. अठराव्या वर्षीं धरलेली वाट एकविसाव्या वर्षीं सोडतां येते. चाळिशींत गेलेलीं तीन वर्षें कोठून भरून काढणार ? तेव्हां या दोन कामांचा स्वभाव मुळांत वेगळा कसा आहे, हें आधीं पाहूं.

(मी येथें 'परिचारिका' आणि 'समाजसेविका' हे शब्द केवळ सोयीसाठीं वापरीत आहें. दोन्हीं कामें पुरुषहि करतात, आणि मनोरुग्णालयांच्या पुरुष-विभागांत तर चांगल्या परिचारकाची वाण नेहमींच असते.)

कल्पना करा कीं, सव्वीस वर्षांच्या एका तरुणास रात्रीं अकरा वाजतां इस्पितळांत आणलें आहे. तीन आठवडे त्याला धड झोंप नाहीं. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात, भिंतींतून आपल्याविषयीं बोलतात, असें त्याला ऐकूं येतें. जेवणांत विष असेल म्हणून तो आईच्या हातचें खात नाहीं. डॉक्टर त्याला तपासतात, औषधें लिहून देतात आणि दुसऱ्या रोग्याकडे वळतात. यानंतर सकाळपर्यंत त्याच्याजवळ कोण असतें ? परिचारिका. डॉक्टर त्याला दिवसांतून पंधरा-वीस मिनिटें पाहतील. परिचारिका पाळीचे आठहि तास पाहते, आणि तिची पाळी संपली कीं दुसरी परिचारिका पाहते. या सलग पाहण्यांत परिचर्येचें सारें मर्म आहे.

पाहणें म्हणजे नुसतें टक लावून बसणें नव्हे. तो किती तास झोंपला, हें त्याला विचारून कळत नाहीं. दर तासाला विजेरी हळूच फिरवून पाहावें लागतें व नोंद करावी लागते. गोळी त्यानें गिळली कीं गालांत दडवून ठेवली, हेंहि पाहावें लागतें, आणि तें अशा रीतीनें कीं त्याचा अपमान होऊं नये. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधानें कधीं कधीं मान एका बाजूस ताठ वळते, डोळे वर चढतात. नवख्या माणसास हें सोंग वाटेल, आणि घरच्यांस तर भुताटकीच वाटेल. जाणती परिचारिका तत्काळ डॉक्टरांस बोलावते व उताराच्या इंजेक्शनाची तयारी ठेवते. लिथियम घेणाऱ्या रोग्यास ओकाऱ्या, जुलाब व हातांस जाड कंप सुरू झाला, तर तें पोट बिघडल्याचें लक्षण समजून स्वस्थ बसतां येत नाहीं. रक्तांतील औषधाचें प्रमाण विषारी पातळीस गेलें असण्याचा संभव असतो. क्लोझापीन चालू असेल तर रक्तांतील पांढऱ्या पेशींची वेळोवेळीं मोजणी झाली कीं नाहीं, आणि रोग्यास बद्धकोष्ठ तर नाहीं ना, हें विचारावें लागतें. हा प्रश्न क्षुद्र वाटतो खरा. पण त्या औषधाच्या बाबतींत बद्धकोष्ठ जिवावर बेतूं शकतें.

याहून सूक्ष्म गोष्ट खिन्नतेच्या आजारांत आढळते. अंथरुणास खिळलेला रोगी उपचारानें उठूं-फिरूं लागला, म्हणजे आप्तमंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु हालचालीची शक्ति पुष्कळदां आधीं परत येते आणि मनाची निराशा मागाहून ओसरते. मधल्या त्या दिवसांत आत्मघाताचा धोका वाढतो. ज्या दिवशीं सर्वांचें लक्ष ढिलें पडतें, नेमकें त्याच दिवशीं परिचारिकेस लक्ष अधिक घालावें लागतें. अमेरिकेंतील हिल्डगार्ड पेप्लाऊ या परिचारिकेनें १९५२ सालीं आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, परिचारिका व रोगी यांच्यामधला संबंध हाच उपचाराचा भाग होय. आज हें सर्वमान्य झालें आहे. तथापि तो संबंध जुळवावयाचा तो बिछाना बदलतांना, पाण्याचा पेला पुढें करतांना, रात्रीं तीन वाजतां व्हरांड्यांत येरझारा घालणाऱ्या माणसाबरोबर दोन फेऱ्या मारतांना. त्यासाठीं निराळी खोली व निराळी वेळ परिचारिकेस मिळत नाहीं.

आतां त्याच तरुणाकडे दुसऱ्या बाजूनें पाहूं. सकाळीं दहा वाजतां समाजसेविका येते. तिला रोग्याहून आधीं त्याची आई भेटते. घरांत माणसें कोण कोण ? मिळवता कोण ? हा असा वागूं लागला तो केव्हांपासून. नोकरी सुटल्यावर, कीं नोकरी सुटली तीच यामुळें? यापूर्वीं कोणत्या देवस्थानास, कोणत्या मांत्रिकाकडे नेलें होतें, आणि तेथें किती पैसे गेले ? त्याचें लग्न ठरलें आहे काय ? ठरलें असल्यास मुलीकडच्यांस आजाराची कल्पना दिली आहे काय ? या शेवटच्या प्रश्नावर बहुधा आई पदराशीं चाळा करूं लागते, आणि समाजसेविकेस कळतें कीं, खरी गांठ येथें आहे.

औषधानें भिंतींतले आवाज थांबतात. मात्र तीन महिन्यांनीं तो घरीं गेला आणि थोरला भाऊ उठतां-बसतां त्याला 'आयतें गिळतोस' म्हणूं लागला, तर ते आवाज परत येण्याची भीति असते. हा केवळ तर्क नव्हे. जॉर्ज ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं इंग्लंडांत या गोष्टीचा दीर्घ अभ्यास केला, आणि १९७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत असें दिसून आलें कीं, ज्या घरांत टोंचून बोलणें, द्वेष किंवा अतिरिक्त काळजी यांचा मारा रोग्यावर होत असतो, तेथें आजार उलटण्याचें प्रमाण अधिक असतें. अतिरिक्त काळजी हा शब्द ऐकून आपल्याकडील पुष्कळ आयांस वाईट वाटेल. परंतु तीस वर्षांच्या मुलाला हातानें भरविणें आणि त्याला एकट्यानें नाक्यावर जाऊं न देणें, यानेंहि तो खचतो. घरचें हें वातावरण बदलणें, भावाला आजार म्हणजे काय तें समजावून देणें, आईला दोन तास घराबाहेर पाठविणें, रोग्याच्या जुन्या मालकाकडे जाऊन त्याला अर्ध्या दिवसाचें काम मिळतें का पाहणें, अपंगत्वाचा दाखला काढून देणें — २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत मानसिक आजाराचा समावेश आहे, हें अजून पुष्कळांस ठाऊक नसतें — अशीं शेंकडों कामें समाजसेविकेच्या वांट्यास येतात. तिची कर्मभूमि वॉर्डाच्या दाराबाहेर सुरू होते, आणि तिचा बराचसा दिवस ज्यांना आजार नाहीं अशाच माणसांशीं बोलण्यांत जातो.

आणि ज्याला घरच नाहीं त्याचें काय ? ठाणें, येरवडा, नागपूर व रत्नागिरी या ठिकाणीं असलेल्या आपल्या प्रांताच्या जुन्या मनोरुग्णालयांत बऱ्या झालेल्या, पण कोणी न्यावयास न आलेल्या माणसांचा प्रश्न फार जुना आहे. कुणाचा पत्ता खोटा दिलेला, कुणाचे भाऊ जमिनीच्या वांटणीच्या धास्तीनें पाठमोरे झालेले, कुणी आपल्या गांवाचें नांव सांगते, पण तें गांव कोणत्या जिल्ह्यांत, किंबहुना कोणत्या प्रांतांत, हें तिला सांगतां येत नाहीं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यांतील १९ वें कलम असें सांगतें कीं, केवळ घरचे स्वीकारीत नाहींत किंवा घर नाहीं एवढ्याच कारणानें कोणासहि रुग्णालयांत ठेवतां येणार नाहीं. कायद्याचें हें एक वाक्य प्रत्यक्षांत उतरविण्यास समाजसेविकेस रेल्वेनें तीन राज्यें ओलांडावीं लागतात, तलाठ्याकडे आणि पोलिसपाटलाकडे खेपा घालाव्या लागतात, आणि शेवटीं दार उघडल्यावर आंतून काय शब्द येईल याची तयारी ठेवावी लागते.

या दोन कामांची फारकत नेहमींच इतकी स्पष्ट होती असें नाहीं. अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत रोग्यांच्या नातेवाइकांनाच आवारांत तंबू ठोकून राहावयास लावलें. जागेची व माणसांची टंचाई हें त्याचें एक कारण होतें. परंतु परिणाम असा झाला कीं, आप्तांनीं आजार जवळून पाहिला, शुश्रूषा शिकून घेतली, आणि रोगी लवकर घरीं गेले. आपल्याकडे कुटुंब हाच परिचर्येचा मोठा भाग असतो, ही गोष्ट त्या प्रयोगानें जगास दाखविली. म्हणून हिंदुस्थानांत काम करणाऱ्या परिचारिकेला थोडें समाजकार्य, आणि समाजसेविकेला थोडी औषधांची ओळख, ही असावीच लागते.

समाजकार्याच्या शिक्षणाचा प्रारंभ तर आपल्या मुंबईंतच झाला. १९३६ सालीं नागपाड्यास सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली; डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे तिचे पहिले संचालक. पुढच्याच वर्षीं तिच्या आश्रयानें बालमार्गदर्शनाचें केंद्र निघालें. १९४४ मध्यें तिला टाटा समाजविज्ञान संस्था हें नांव मिळालें. १९४६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली, आणि १९४८ मध्यें या संस्थेंत वैद्यकीय व मनोरुग्णविषयक समाजकार्याचें विशेष शिक्षण सुरू झालें. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ ची. मनोरुग्णांच्या परिचर्येचें प्रगत शिक्षण मात्र मुंबईबाहेर वाढलें. बंगळूरास १९५४ सालीं जी अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली, व जी १९७४ मध्यें तेथील मनोरुग्णालयांत विलीन होऊन 'निम्हान्स' या नांवानें प्रसिद्धीस आली, ती या विद्येचें प्रमुख केंद्र होय.

गरज किती आहे, हें सांगावयास एकच आंकडा पुरे. निम्हान्सनें २०१५-१६ मध्यें बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणींत शंभर प्रौढ माणसांमागें १०.६ जणांस त्या वेळीं कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचें दिसलें, आणि आजारपरत्वें त्यांतील ७० ते ९२ टक्के लोक उपचारांवांचून होते. तेव्हां शिकून झाल्यावर आपलें काम कोणास हवें आहे का, ही शंका कोणीहि मनांत आणूं नये. काम पुष्कळ आहे. पगारी जागा तेवढ्या नाहींत, ही गोष्ट निराळी.

कायद्यानें या दोघींवर टाकलेली जबाबदारी श्रोत्यांच्या सहसा लक्षांत येत नाहीं. १९१२ च्या कायद्यांत 'वेडा' हा शब्द सरकारी कागदांवर होता. १९८७ च्या कायद्यानें तो गेला. २०१७ च्या कायद्यानें रोग्यास हक्क दिले. कोणत्याहि प्रकारें सांखळीनें बांधण्यास पूर्ण मनाई झाली, भूल व स्नायू शिथिल करणारें औषध दिल्याशिवाय विजेचा झटका देण्यास मनाई झाली, एकांतवासाची कोंडी बंद झाली. रोग्यास आवरून धरणें हें तात्काळ इजा टाळण्यास दुसरा उपायच उरला नसेल तेव्हां, आणि मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीनेंच करतां येतें. नोकरवर्ग अपुरा आहे, हें त्याचें कारण म्हणून चालत नाहीं. हें वाक्य कायद्यांत लिहिणारानें रात्रपाळीचा वॉर्ड नक्कीच पाहिला असला पाहिजे ! दोन परिचारिका आणि साठ रोगी असतांना हें कलम पाळणें म्हणजे काय, याचा विचार परिचर्या पत्करणारानें अगोदर करावा.

याच कायद्याच्या ५५ व्या कलमान्वयें राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे मनोरुग्ण-परिचारिका व मनोरुग्ण-समाजसेविका यांची नोंद होते. ज्या रोग्यास स्वतः निर्णय घेण्यास फार मोठ्या आधाराची गरज आहे, त्याला ८९ व्या कलमाखालीं रुग्णालयांत दाखल करावयाचें, तर दोघांनीं त्याला स्वतंत्रपणें तपासावें लागतें. त्यांतील एक मनोविकारतज्ज्ञ असावाच लागतो. दुसरी व्यक्ति अशी नोंद झालेली परिचारिका किंवा समाजसेविका असूं शकते. म्हणजे एका माणसाच्या तीस दिवसांपर्यंतच्या स्वातंत्र्यावर तिची सही पडूं शकते. केवळ दयाळू अंतःकरण या कामास पुरत नाहीं, तें यामुळें.

आतां व्यवहाराकडे वळूं. प्रौढ विद्यार्थ्याच्या दृष्टीनें पुष्कळदां निर्णय येथेंच लागतो.

परिचारिकेचा पदविका अभ्यासक्रम, ज्याला जी. एन. एम. म्हणतात, तो तीन वर्षांचा आहे. बारावी कोणत्याहि शाखेची चालते, मात्र इंग्रजी हवें. आणि प्रवेशाची कमाल वयोमर्यादा पस्तीस वर्षें आहे. चार वर्षांच्या बी. एस्‌सी. पदवीस बारावीस पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र घेतलेलें असावें लागतें. यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंद, आणि मग मनोरुग्ण-परिचर्येची एक वर्षाची विशेष पदविका. कला किंवा वाणिज्य शाखेची पदवी घेऊन अडतिसाव्या वर्षीं जागी झालेली बाई कितीहि उत्साही असली, तरी परिचर्येचें हें दार तिला बहुतेक बंद झालेलें आढळेल. उलट जी आधींच परिचारिका आहे, दहा वर्षें शस्त्रक्रियागृहांत किंवा प्रसूतिगृहांत काढून जिला मनोरुग्णांकडे वळावेंसें वाटतें, तिला एक वर्षांत हें साधतें. तिनें समाजकार्याचा दोन वर्षांचा फेरा घ्यावा असें मला मुळींच वाटत नाहीं. हातीं असलेली विद्या टाकून देण्याची चैन मध्यम वयांत परवडत नाहीं.

समाजकार्याचें दार अधिक रुंद आहे. कोणत्याहि शाखेच्या पदवीधरास एम. एस. डब्ल्यू. या दोन वर्षांच्या पदवीस बसतां येतें, आणि बहुतेक विद्यापीठांत वयाची वरची मर्यादा नाहीं. आठवड्यांतले बहुधा दोन दिवस प्रत्यक्ष कामावर जावें लागतें, आणि तेथें आपल्याहून पंधरा वर्षांनीं लहान असलेली पर्यवेक्षिका आपल्या अहवालांत तांबड्या शाईनें खुणा करते. हें ज्यांना सोसेल त्यांचाच निभाव लागतो. घरबसल्या शिकूं इच्छिणारांस इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचाहि मार्ग आहे. मात्र त्या पदवीवर आपल्याला हवी ती जागा किंवा हवा तो पुढचा अभ्यास मिळतो कीं नाहीं, हें पैसे भरण्यापूर्वीं विचारून घ्यावें.

येथें एक पेंच आहे, तो मुद्दाम सांगतें. २०१७ च्या कायद्याप्रमाणें नुसत्या एम. एस. डब्ल्यू. नें 'मनोरुग्ण-समाजसेविका' ही संज्ञा प्राप्त होत नाहीं. त्यावर दोन वर्षांची पूर्णवेळ एम. फिल., प्रत्यक्ष रुग्णालयीन शिक्षणासह, किंवा सरकारनें ठरविलेली तत्सम पात्रता लागते. पुढें विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनीं एम. फिल. ही पदवीच बंद झाली, आणि या विषयापुरती तिला २०२५-२६ पर्यंत मुदत मिळाली. दुसरीकडे २०२१ च्या सहायक आरोग्य-व्यवसायांच्या कायद्यानें मनोरुग्ण-समाजसेवकांस आपल्या सूचींत घेतलें आहे. तेव्हां संस्थेची माहितीपत्रिका हातीं आली कीं तिच्यावरील सुंदर चित्रें बाजूस सारून एकच प्रश्न लेखी विचारावा : ही पदवी घेतल्यावर ५५ व्या कलमाखालीं माझी नोंद होईल काय ? तोंडी उत्तरावर चार वर्षें पणास लावूं नयेत.

वयाचा हिशेब आणखी एका ठिकाणीं करावा लागतो. राज्य सरकारच्या नोकरींत शिरण्याची वयोमर्यादा सर्वसाधारणपणें खुल्या गटास ३८ व मागासवर्गीयांस ४३ अशी आहे. छत्तिसाव्या वर्षीं एम. एस. डब्ल्यू. ला बसलेल्या खुल्या गटांतील उमेदवाराचें शिक्षण संपेपर्यंत सरकारी रुग्णालयांतील 'समाजसेवा अधीक्षक' या जागेचा दरवाजा लोटला जाऊं लागतो. चौतिसाव्या वर्षीं परिचर्येस प्रवेश घेणारी सदतिसाव्या वर्षीं बाहेर पडते. 'अधिपरिचारिका' होण्यास तिला जेमतेम एखादें वर्ष उरतें. त्यानंतर खाजगी इस्पितळें, धर्मादाय संस्था, पुनर्वसन केंद्रें, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतील कंत्राटी जागा, एवढेंच क्षेत्र राहतें. तें लहान नाहीं. पण निवृत्तिवेतनाची आशा धरून जे या वाटेस येतात, त्यांनीं हा हिशेब वहीवर मांडून पाहावा. पगाराच्या व जागांच्या संख्येच्या दृष्टीनें परिचर्या अधिक भरवशाची. परिचारिकेस गांवोगांव आणि परदेशांतहि मागणी आहे.

प्रवेश आणि पगार यांचा विचार झाल्यावर उरतो तो माणसाचा पिंड. आणि माझ्या मतें चाळिशींत पिंड ओळखणें विसाव्या वर्षाहून सोपें असतें, कारण त्याचा पुरावा मागें वीस वर्षें पसरलेला असतो. घरांत कोणी आजारी पडलें, तर आपण पहिल्यानें काय करतों, तें आठवावें. कांहीं बायका उशाशीं बसतात, ताप मोजतात, पेज करतात, औषधाची वेळ चुकूं देत नाहींत, रात्र जागून काढतात व सकाळीं त्यांना आपण दमल्याचीहि जाणीव नसते. दुसऱ्या कांहीं आधीं दूरध्वनीकडे जातात. रक्त कोठें मिळेल, रजा कोण काढेल, गांवाकडे कळवावें कीं नाहीं, पैशांची तोंडमिळवणी कशी करावी, याचें चक्र त्यांच्या डोक्यांत सुरू होतें. दोघींचीहि माया सारखीच. पहिलीला फाइलींच्या खेपांचा वीट येईल, दुसरीला वॉर्डाच्या चार भिंतींत गुदमरल्यासारखें होईल.

शरीराचाहि विचार करावा. रात्रपाळी, सतत उभें राहणें, कधीं कधीं अंगावर धांवून येणारा रोगी — मनोरुग्ण हे बहुतांशीं हिंसक नसतात, हें खरें. परंतु तीव्र अवस्थेंतील वॉर्डांत असे प्रसंग येतात — हें पंचेचाळिसाव्या वर्षीं गुडघे सांभाळून निभावेल काय? समाजसेविकेची झीज दुसऱ्या प्रकारची. परिचारिकेचें काम पाळी संपतांच दुसरीच्या हातीं जातें. समाजसेविकेच्या केसला पाळी नसते. दहा कुटुंबांचीं भांडणें तिच्याबरोबर लोकलनें घरीं येतात. आणि यशहि तिच्या डोळ्यांस क्वचितच दिसतें, कारण जो बरा होऊन कामधंद्यास लागला, तो इस्पितळाच्या वाटेस पुन्हां फिरकत नाहीं.

ज्यांच्या घरांतच असा आजार आहे, त्यांच्याशीं दोन शब्द वेगळे बोलावयास हवेत. तुमचा अनुभव हें भांडवल आहे, यांत शंका नाहीं. रोग्याची आई काय सोसते, हें तुम्हांला पुस्तकांतून शिकावें लागणार नाहीं. मात्र दिवसभर परक्याच्या मुलाची समजूत घालून संध्याकाळीं घरीं आल्यावर स्वतःच्या मुलासाठीं धीर शिल्लक राहतो काय, याची चाचणी आधींच घ्यावी. ती घेण्याचा मार्ग सोपा आहे. पुणें, मुंबई, ठाणें अशा शहरांत मनोरुग्णांसाठीं दिवसा चालणारीं केंद्रें व आप्तांचे स्वमदत-गट आहेत. तेथें सहा महिने, आठवड्यांतून एक दिवस, नेमानें जावें. सणावारींहि खाडा करूं नये. त्या अवधींत परिचारिकेजवळ उभें राहावेंसें वाटतें, कीं समाजसेविकेबरोबर गृहभेटीस जावेंसें वाटतें, हें आपोआप कळूं लागतें. कांहींना असेंहि कळून येतें कीं, हें काम मुळीं आपलें नव्हे. हेंहि फी भरण्यापूर्वीं कळलेलें बरें.

प्रवेशाचा अर्ज भरतेवेळीं प्रौढ विद्यार्थिनींची, विशेषतः विवाहितांची, एक अडचण हमखास उद्भवते. शाळा सोडल्याचा दाखला व जुन्या गुणपत्रिका माहेरच्या नांवाच्या, आणि आधार व बँकेचें खातें सासरच्या नांवाचें. विवाहनोंदणीचा दाखला, किंवा नांवबदलाची राजपत्रांतील प्रसिद्धि, आणि मधल्या वर्षांत शिक्षण कां खंडित झालें याचें प्रतिज्ञापत्र, हीं तिन्हीं अर्जाच्या दोन-तीन महिने आधीं करून ठेवावीं. जुनें महाविद्यालय परगांवीं असेल तर मूळ कागदांसाठीं पत्रापेक्षां स्वतः जाणें अधिक उपयोगी पडतें, आणि जावयाचें तें उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं जावें. सुटींत तेथें कारकून भेटत नाहीं.